ठकीचा तिसरा स्टॉप

गावाबाहेरच्या दवाखान्यातली पाळी संपवून घरी निघालेल्या नर्सने बसमध्ये डोळे मिटले, तोच पुढच्या सीटवर सासरे-सुनेचं सुरू झालं. दोघांच्या मधे एक तांबूस कुत्री अंग चोरून बसली होती.

“बाबा, पट्टा आवळू नका. तुम्ही घाबरलात की ठकीला लगेच कळतं.”

“मी कशाला घाबरू? परवा पहिल्याच स्टॉपला उतरावं लागलं, काल दुसऱ्याला. आज बघू.”

“थरथरतेय अजून?”

“पाय थरथरतायत. पण शेपटी बघ, हलतेय!”

“हळू बोला, लोक बघतायत.”

“बघू देत! हिला नि तुझ्या सासूला त्या गाडीची धडक बसल्यापासून गाडीचा आवाज आला की पलंगाखाली शिरायची ही. अगं, तिसरा स्टॉप गेला!”

“गेला? खरंच की! आईंना फोन करू?”

“मुळीच नको. हाड जुळलं तरी दवाखान्यातला पलंग सोडत नाही ती. ठकी एकदम दारातच दिसू दे तिला.”

“आणि आई धडपडत उठल्या तर?”

“डॉक्टर दीड महिना दुसरं काय सांगतायत?”

नर्सचे डोळे आता टक्क उघडे होते.

“बाबा, ठकीने खिडकीवर पाय ठेवले! बाहेर बघतेय!”

“बघ बाई, पोटभर बघ.”

“दवाखान्याचा स्टॉप आला. चला, उतरा.”

“अगं, ही उठायलाच तयार नाही! खिडकी सोडत नाही!”

“ठकी, चल ना गं! आई वाट बघतायत!”

नर्स ताडकन उठली आणि कंडक्टरला ओरडून म्हणाली, “थांबवा हो जरा! आमची ठकी उतरतेय!”