वाचनकक्षातली काच

मी आमच्या वाचनकक्षात का बसत नाही, असं तुम्ही नेहमी विचारता ना? मग ऐका.

आमच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात ग्रंथालयावर आणखी एक मजला चढवायचा होता. मी तिथला इंजिनिअर, पण गाव सास्तूर. भूकंपाच्या गावचा माणूस भिंतीला भेग दिसली की गप बसत नाही. वाचनकक्षातल्या भेगेवर मी काचेची आडवी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख टाकली. भिंत हलली की काच तडकते, एवढी साधी गोष्ट.

तीन महिन्यांनी बांधकाम समितीची बैठक त्याच कक्षात भरली. काच शाबूत होती, तारीख तीच होती. अध्यक्ष म्हणाले, "भिंत शांत आहे. देऊन टाकू मंजुरी." सगळ्यांनी सह्या केल्या. माझीही झाली.

तेवढ्यात आमचे म्हातारे शिपाई नागप्पा चहा घेऊन आले.

"साहेब, आता तरी ती काच काढू का? लई वैताग दिला तिनं."

"कसला वैताग, अप्पा?"

"सारखी फुटती. तुमी रागवाल म्हणून दर बारीला म्या गुपचूप नवी लावली. तारीख बी तुमच्या अक्षरावाणीच काढली. आधी महिन्यानं फुटायची, आता आठवड्याला."

कुणी कपाला हात लावला नाही. पंखा बंद होता, बाहेर गाडी नव्हती. माझ्या पाठीमागं बारीक आवाज आला, टिक्.

अप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"बघा," ते म्हणाले, "ही तर कालच लावली होती."