भाऊजींचा चहा

आता कसं व्हायचं, श्रीयशसर? भाऊजींनी आत्ताच चहा घेतला की. तुमीच म्हनालता, नळीत थुंकायच्या आदी अर्धा तास तोंडात कायबी नको. मागल्या खेपंला शेंगा खाल्ल्या, त्याच्या आदी गूळ — व्हय, मीच दिला. शेतावरनं आलेल्या मानसाला काय नुसतंच बसवायचं? एरवी चहाला शिवत न्हाईत ते, पन मी कप पुडं केला की मुकाट्यानं घेतात. बसा आता. थांबावंच लागंल.

तुमच्या तळेगावच्या कॉलेजात काय पोरांची कमी हाय? आमचीच थुंकी कशाला? — ठावं हाय मला, आमच्या समर्थनं तुमच्या डोक्यात भरवलंय. माझं पोरगं कार्ल्याच्या लेण्यात टुरिस्टांना फिरवतं. तितं खांबावर कोरलंय म्हनं, हा खांब अमक्या यवनानं दिला. यवन म्हंजी ग्रीक, तुमीच सांगितलंत त्याला. झालं. आज्याचे डोळे घारे, चुलत्याचे घारे, म्हंजी आपन ग्रीकांचे वारस! त्याचे सोताचे काळे, बापाचेबी काळे, ते न्हाई दिसलं त्याला. मग तुमी त्याची थुंकी नेली, आन ते हॅप्लोग्रुप का काय ते आलं — बापाकडची साखळी ग्रीकाची न्हाई, साधी हितलीच. दोन दिस धड जेवला न्हाई. तितंच मिटलं असतं, तर तुमी म्हनालात चुलत्याची बघू, ही साखळी बापाकडनं पोराकडं जशीच्या तशी येती, दोगांची सारखीच निघाया पायजे.

आन न्हाई निघाली तर? — न्हाई, आपलं इचारते. मशीन चुकतं का कदी? मान हलवताय. म्हंजी चुकत न्हाई.

हळू कशाला बोलू? भाऊजी गोठ्यात हायेत, आन त्यांना ऐकू कमी येतं. भ्या वाटतंय मला, सर. उरुसात भैरोबाच्या पालखीला पयला खांदा थोरल्या घरचा. आमचे मालक, केरबा, थोरले. ते गेले, मान समर्थकडं आला. भावकी टपूनच हाय, धाकल्या भिमाजीच्या, म्हंजी भाऊजींच्या पोरांना का न्हाई म्हनून. त्यात तुमच्या कागदावर दोन भावांच्या दोन साखळ्या निघाल्या तर माझ्या पोराला गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई — तसं बघू नका माझ्याकडं, मी कायबी वंगाळ केलेलं न्हाई! सासूबाईंनी जाताना मला एकटीलाच सांगितलं. लय वर्सं मूल न्हवतं त्यांना. लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर आलेली एक बाई बाळंतपनात गेली, तिचं पोर सासऱ्यांनी पाटीत घालून आनलं. सासूबाई माहेरी होत्या, तितंच बाळंत झाल्या म्हनून गावाला सांगितलं. तेच आमचे मालक. भाऊजी झाले ते त्यांच्या मागनं, लय वर्सांनी. मालकांना मरेस्तोवर ठाव न्हवतं, समर्थला न्हाई, आन भाऊजींना तर —

अगं बया. काय बोलून बसले मी. सर, तुमी ऐकलंच न्हाई असं समजा. थोरल्या भावाच्या चितंवर धाय मोकलून रडलेत ते, त्यांना आता ह्या वयात —

भाऊजी? तुमी कवापासनं उभे हाय दारात?

काय म्हनता?

ऐकलंत न्हवं, सर? मला तर पानीच आलं डोळ्याला. 'वैनी, अजून कपभर टाका,' म्हनतायत, 'हे सर आले की मला चहा लागतोच.' पयल्या गुळाच्या खड्यापासनं मालकांचं समदं ठावं होतं म्हनायचं ह्यांना, आन मी येडी, मला वाटलं मीच त्यांना फशिवतीय.

ती नळी घ्या पिशवीत. तळेगावची गाडी गावंल अजून. निघा तुमी, मला आधन ठेवायचंय.