तुमचा माल परत आलाय

नाव: ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. हाक मारताना सगळे कात्रीमावशी म्हणतात. वय: बावन्न, आईच्या अंदाजाने. धंदा: माल निवडणे. (येथे 'कचरा वेचणे' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले.) राहणार: नाल्याच्या पुलाजवळ, निवडणीच्या शेडमागे तिसरे घर.

मी आज गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता ठाण्यात हजर राहून, विचारले ते आणि न विचारलेलेही सांगते की,

मी वरील ठिकाणी धाकट्या जावेसोबत राहते. आम्ही अकरा बायका शेडमध्ये प्लास्टिक निवडतो. आम्हाला नगरपालिकेची ओळखपत्रे आहेत. ती मिळवायला सहा वर्षे हेलपाटे घातले. कार्ड नसले की शेडचे कुलूप उघडत नाही आणि रस्त्यावर कोणीही चोर म्हणते. साबण-शाम्पूच्या कारखान्याचे मॅनेजर यांनी आमच्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, आम्ही फसवून त्यांच्या आवारात कचरा टाकला, तरी आमची कार्डे रद्द व्हावीत. त्याबाबत माझे म्हणणे खालीलप्रमाणे.

भंगारवाला बाटली घेतो, डबा घेतो. शाम्पूची पुडी कोणी घेत नाही. तिच्यात प्लास्टिकला चंदेरी कागद चिकटवलेला असतो, तो देवाच्या बापालाही सुटा करता येणार नाही. म्हणून पुडी नाल्यात जाते. गेल्या महिन्यात नाला तुंबून आमच्या घरात गुडघाभर पाणी आले. जावेच्या शिलाई मशीनची मोटर गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही नाला उपसला. निघालेल्या पुड्या धुऊन निवडल्या, तर दहातल्या सात याच एका कारखान्याच्या होत्या.

मी शाळेत गेलेले नाही. अक्षरे पुड्यांवरून शिकले. भाची समोर बसून एकेक अक्षर सांगायची. मी वाचलेला पहिला शब्द 'फाडा'. येथे फाडा, यातला. मग 'उत्पादक' वाचता आला, त्याला आठ दिवस लागले. त्याच्याखाली बारीक अक्षरात असे छापले आहे की, 'मालाबद्दल काही तक्रार असल्यास या पत्त्यावर संपर्क साधावा.' आमची तक्रार होती. मी तीन पत्रे पाठवली. उत्तर नाही. जाऊ म्हणाली, "अगं, ते कानात बोळे घालून बसलेत. तक्रार राहू दे, मालच दाखवू त्यांना." माझे डोके तिथे चालले नव्हते, तिचे चालले. हे तिच्या नावावर लिहावे.

आम्ही बारा दिवस काम केले. प्रत्येक पुडीचा कोपरा कापून, धुऊन, वाळवून अडतीस गोण्या भरल्या. दुसऱ्या कारखान्याची एक पुडी आत जाऊ दिली नाही. ज्याचे त्याला. मंगळवारी सकाळी दहा वाजता भाच्याच्या टेम्पोतून त्या कारखान्याच्या फाटकावर नेल्या.

वॉचमनने विचारले, "काय आहे?" मी म्हणाले, "भाऊ, तुमचा माल परत आलाय." त्यांनी एक गोणी सोडून पाहिली. सगळ्या पुड्यांवर कारखान्याचे नाव, आणि इतक्या स्वच्छ की त्यांनी हात पुसलाही नाही. त्यांच्या वहीत 'परत आलेला माल' असे पान आहे, दुकानांतून खराब डबे येतात त्यासाठी. त्यांनी गोण्या मोजून घेतल्या, गोदामात उतरवायला सांगितल्या आणि 'माल मिळाला' असा शिक्का मारून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. यात वॉचमनभाऊंचा काडीचाही दोष नाही. मीही खोटे बोललेले नाही.

बारा वाजता मॅनेजर आले. ते ओरडले, "हा कचरा आत कोणी घेतला?" मी म्हणाले, "साहेब, भरलेली असताना तुमचा माल, रिकामी झाली की आमचा कचरा होय?" त्यावर ते म्हणाले, "तुमची कार्डे घालवतो, मग बघू कुठली शेड आणि कुठलं काय." चोराच्या उलट्या बोंबा, असे मी म्हणाले. हवालदार म्हणतात, म्हण जबाबात घेता येत नाही. पण मी बोलले ते बोलले.

आज ठाण्यात फौजदार साहेबांनी आमची अकरा कार्डे टेबलावर ठेवून घेतली. जाऊ बाहेर बाकावर बसून होती, तिच्याकडे पाहवेना. समोर बसलेले मॅनेजर म्हणाले की, पुड्या आमच्या नाहीत, कोणीतरी नकली छापल्या असतील. मी साहेबांना म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. त्यांनी तसं लिहून द्यावं, की पुडीवरचं नाव आमचं नाही. आत्ता टेम्पो आणते, अडतीसही गोण्या उचलते." साहेबांनी कोरा कागद मॅनेजरांपुढे सरकवला. मॅनेजरांनी पेनाचे टोपण काढले, घातले, पुन्हा काढले. मग म्हणाले, वर विचारावे लागेल. त्यांनी लिहून दिले नाही. साहेबांनी कार्डे मोजून माझ्या हातात दिली. गोण्या कारखान्याच्या गोदामातच आहेत.

आम्हाला गोण्यांबद्दल पश्चात्ताप नाही. आणखी निवडून होत आहेत.

हवालदार हा जबाब वाचून दाखवू लागले, तेव्हा मी कागद मागून घेतला. त्यात माझ्या तोंडी चार ठिकाणी 'कचरा' घातला होता, तो खोडून 'माल' केला आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली. अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे केले होते, ते लागले नाही. हा जबाब मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मी स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही