वासाचा नवस नव्हता

थायलंडमधल्या हाट याईच्या बाजारात तळलेल्या कोंबडीच्या गाडीपाशी कन्निका रांगेत उभी होती. तिच्या पुढे त्रांगहून फिरायला आलेल्या दोन बहिणी होत्या.

"ताई, नंबर आला आपला."

"या मुलीला जाऊ दे. जा गं बाळ, तू घे आधी."

"ही पाचवी! निकाल लागेपर्यंत सगळा बाजार पुढे सोडणार आहेस का?"

"नवस आहे माझा, उबोन. लेक नर्सिंगची परीक्षा पास होईपर्यंत कोंबडी बंद."

"मग इथे कशाला आणलंस मला?"

"वास घ्यायला. वासाचा नवस नव्हता."

कन्निकाने पुडकं घेतलं, पण तिचा पाय काही तिथून निघेना. तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला.

"काय म्हणते लेक? ताई, रडतेस काय, बोल ना!"

"पास झाली गं! चल, आधी टेकडीवर. तिथल्या उभ्या बुद्धाला शंभर उकडलेली अंडी कबूल केलीत."

"आत्ता? नंबर सोडून?"

"नवस म्हणजे नवस."

"अगं, तो बुद्ध इतकी वर्षं तिथे उभाच आहे. आणखी दहा मिनिटं उभा राहील."

थोरलीने टेकडीच्या दिशेने हात जोडले, डोळे पुसले आणि गाडीवाल्याकडे वळली.

"दोन तंगड्या द्या. आणि वरचा तळलेला कांदा जरा सढळ हाताने!"