म्हशीनं आणलेली पाचवी

हसताय काय? आमच्या गावच्या शाळेला पाचवीचा वर्ग माझ्या म्हशीनं मिळवून दिलाय.

शाळा तवा चौथीपातूर हुती. तपासणीचं साहेब खूश झालं तरच पाचवी मिळणार, न्हायतर माझी लेक शेवंता चौथी होऊन म्हशीमागं जाणार. हेडमास्तरांनी गावाला बजावलं, "तपासणीदिवशी शाळेच्या व्हरांड्यात कुणी जनावर बांधायचं न्हाय!" पर कोल्हापुरातनं दुपारी यायची जीप सकाळी धारेच्या वक्तालाच आली, आन् माझी म्हस व्हरांड्यात निवांत रवंथ करत बसल्याली.

साहेब तापलं. "वर्षभरात शाळेची प्रगती काय? गावाचा सहभाग काय? आणि ही म्हैस काय?"

हेडमास्तर म्हशीला हुसकाया धावलं. म्या म्हटलं, "साहेब, ह्योच गावाचा सहभाग. जरा थांबा की!"

म्हशीला उठवलं, तिथंच धार काढली आन् फेसासकट पेला साहेबाच्या हातात दिला. आमच्याकडं धारोष्ण दुधाला न्हाय म्हणणारा अजून जन्मायचाय. साहेबानं एक पेला रिचवला, दुसऱ्याला आपणच हात पुढं केला आन् मिशीचा फेस पुसत म्हणालं, "प्रगती चांगली आहे."

पाचवी मिळाली. शेवंता पाचवीत बसली.

पुढच्या वर्षी साहेब परत आलं. हेडमास्तरांनी व्हरांडा धुऊन लख्ख केल्याला, पोरं रांगेत उभी. साहेबानं या टोकापासनं त्या टोकापातूर बघितलं आन् तोंड पाडून इचारलं,

"मास्तर, यंदा गावाचा सहभाग कुठं बांधलाय?"