पुस्तकात हाय तेच दाखवा

…आवडता सिनेमा सांगा म्हणे. उद्धवराव, तुमी वाचनालयाचे अध्यक्ष, हौसेनं कार्यक्रम ठिवलाव, पण मला कामून उभं केलाव? तुम्हाला सांगतो मंडळी, ज्या सिनेमाच्या पाठीमागं पुस्तक न्हाई ते सगळे मला आवडतात. मारामारीचे बी, नागिणीचे बी. पण पुस्तकावरचा सिनेमा निघाला की माझं डोस्कं फिरतंय. पुस्तकात हिरोला सहा बहिणी, सिनेमात एकच. बाकीच्या पाच काय जत्रेत हरवल्या? पुस्तकात मास्तर काळा, दात पुढं आलेला, आन पडद्यावर बघावं तर गोरापान, रोज तालमीत जाणारा. अरे बाबा, पुस्तकात हाय तेच दाखवा की, मनाचं कामून घालायलाव?

मन्नाएखेळ्ळीत हायवेला माझं भांड्याचं दुकान हाय, आन चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला कुकर दाखवत दाखवत मी हेच भांडायलोय. हे उद्धवराव समोर बसून म्हणतात, ‘हणमंतप्पा, सिनेमा करायचा म्हणलं की थोडं इकडंतिकडं व्हायचंच.’ इकडंतिकडं? मग लिहिणारा माणूस येडा होता का?

आता ऐका. माझी बायको भागम्मा आज मैलूरला बहिणीकडं गेली हाय, म्हणून बोलायलो… ते दार जरा लोटून घ्या.

भागम्मा कलबुर्गीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. मराठी बोलती फर्राट, पण वाचता येत न्हाई. लग्न झाल्यापासून दुपारी ती तूर निवडत बसती आन मी दुकानाला कुलूप घालून तिला मराठी कादंबरी वाचून दाखवतो. नऊ वर्षांमागं एक जाडजूड कादंबरी चालली होती. त्यात राजूबाई म्हणून एक बाई, विधवा, तीन एकर एकटी कसणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. भागम्मा तिच्यावर लई जीव लावली. आन त्याच महिन्यात भागम्माच्या छातीत दुखायला लागलं. कलबुर्गीचे डॉक्टर म्हणले, ऑपरेशन. तिकडं कादंबरीत राजूबाईला बी ऑपरेशन.

आदल्या दिवशी, दवाखान्यात, दुपारचे चार, पान दोनशे बारा. पुढची ओळ मी डोळ्यानं आधीच वाचलो. राजूबाई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. भागम्मा माझ्या तोंडाकडं बघायली. ‘री, पुढं?’ ती मला री म्हणती, कन्नडातलं ‘अहो’, नाव घेत न्हाई. मंडळी, माझ्या जागी तुमी काय केलं असतं? मी वाचलो, ‘राजूबाईनं डोळे उघडले आन म्हणली, म्हशीला पाणी दाखवलाव का?’ भागम्मा हसली. मग काय, पुढची अठ्ठावीस पानं छापलेलं एक आन तोंडात एक. राजूबाई घरी आली, विहीर खणली, पुतणीचं लगीन लावली. दुसऱ्या दिवशी भागम्माला आत नेताना ती माझा हात धरली, म्हणली, ‘ती उठली न्हवं, मी बी उठते.’ आन उठली की. आज नऊ वर्षं झाली, ठणठणीत हाय.

आन आता त्या कादंबरीचा सिनेमा निघाला. मी दुकानाचं निमित्त सांगायलो, गुडघा दुखतोय म्हणलो, पण ही मला ओढतच बिदरला घेऊन गेली. तुम्हाला सांगतो, जिंदगीत पहिल्यांदा असा सिनेमा बघितलो, ओळ न ओळ पुस्तकात हाय तसा. पुतणी तीच, विळा तोच, कोंबडासुद्धा तोच. एरवी मी टाळ्या वाजवलो असतो. त्या दिवशी बसल्या जागी घाम फुटला मला. आन शेवटी राजूबाई टेबलावर गेली. सगळे रडायले. भागम्मा मात्र उठून उभी राहिली, भर थेटरात म्हणली, ‘खोटं हाय हे. पुस्तकात ती जगती. पुस्तकात हाय तेच दाखवा की, मनाचं कामून घालायलाव?’

माझंच वाक्य बगा. चाळीस वर्षं माझ्याच तोंडून ऐकलेलं. उद्धवराव, त्या पुस्तकाची पहिली वाट सिनेमावाल्यानं न्हाई लावली, मी लावलो.

तिथंच सांगून टाकावं वाटलं. पण येत्या सोमवारी तिची कलबुर्गीला छातीची तपासणी हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातून पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठिवली. ‘री, शेवट परत वाचा. जायच्या आधी ऐकायचाय मला.’ भ्यायली होती ती. मला बी भ्या वाटलं, खरं सांगतो. नऊ वर्षांमागं तोंडाला आलं ते बोललेला माणूस, आता आठवावं कसं? छापलेलं तर समोर हाय, गेली म्हणून. चष्मा पुसलो, घसा खाकरलो, वाचलो, ‘राजूबाईनं डोळे उघडले आन म्हणली… गाईला पाणी दाखवलाव का?’

तुरीतला हात थांबला.

‘म्हैस होती,’ भागम्मा म्हणली. ‘पुस्तकात हाय तेच वाचा की, मनाचं कामून घालायलाव?’

काय करता मंडळी… वाचलो म्हैस.