इमारतभर गोळ्या

कॅनडातल्या विनिपेगच्या औषधाच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एकमेकींच्या ओळखीच्या दोन म्हाताऱ्या भेटल्या.

"स्टेफनिया, पिशवीभर गोळ्या? दुकान टाकतेस की काय?"

"परत करायच्यात. आमच्या इमारतीतल्या उरलेल्या अँटिबायोटिक."

"साथीत जरा खोकला आला की खायचो, त्या?"

"त्याच. विषाणूला ढिम्म काही झालं नाही, अंगातले जंतू मात्र निर्ढावले. आता आमच्या म्हाताऱ्याला, ओरेस्टला, लघवीचा संसर्ग झालाय, आणि औषधच लागू पडेना. डॉक्टरांनी त्यांच्या हातातलं शेवटचं औषध कालपासून चालू केलंय."

"आणि तू दारोदार हिंडलीस? धन्य आहेस बाई! सगळ्यांनी दिल्या?"

"शेजारच्या एमिलनं तोंडावर दार आपटलं. मी म्हटलं, एकदा हॉस्पिटलात ओरेस्टला बघून ये."

"गेला?"

"गेला. येऊन स्वतःच गोळ्या आणून दिल्या."

"मग आत्ता ओरेस्टपाशी कोण?"

"एमिलच बसलाय."